धुराचं चाक

मिस्त्री म्हणाला, “ह्ये तुमच्या हातचं काम न्हाई.” पण हात गिरणीत मशीनवर शिकलेला. थोरल्या भावाची वडापची जीप केळघर घाटात धापा टाकायची, अन् घराचं पोट तिच्यावर. मेढ्यात अंगणातच टर्बो उतरवला. इंजिन गार केलं, बॅटरीची वायर काढली, ऑइल सोडलं. गंजलेल्या नटांना रात्रभर तेल पाजलं. नुसता जोर केला की स्टड तुटतात. उघडी तोंडं फडक्यानं झाकली.

आत एका दांड्यावर दोन चाकं. इंजिननं बाहेर फेकलेला धूर एक चाक फिरवतो, दुसरं इंजिनात हवा कोंबतं. मिनिटाला लाखावर फेरे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं.

गड्यांनो, फेकलेल्यातही एवढा जोर असतो. पण तेलाची नळी काजळीनं तुंबलेली, म्हणून दांडा खिळखिळा झालेला. वस्तीतल्या पोरांचं पुस्तक तुटलं की त्यांचंही हेच होतं.