धोक्याची पातळी

आमच्या वसाहतीचे पूर्ण नाव रामकृष्णपुरम; परंतु एवढे लांब नाव घेण्यास दिल्लीत कोणाला सवड नाही, म्हणून सर्वांच्या तोंडी आर. के. पुरम एवढेच उरले आहे. केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली ही वस्ती. सेक्टरांचे आकडे, ओळीने उभी असलेली क्वार्टर्स, कडुनिंबाची झाडे, टेकडीवरचे मलई मंदिर आणि मधूनमधून मोठ्या कचेऱ्या. त्यांपैकी सेवा भवन ही इमारत केंद्रीय जल आयोगाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४५ साली, या आयोगाचा पाया घातला गेला, ही गोष्ट पुष्कळ मराठी कुटुंबांनाही ठाऊक नसते. पुराचे भाकीत वर्तविण्याचे आयोगाचे काम १९५८ साली सुरू झाले, आणि तेही आमच्या दिल्लीतल्या यमुनेपासूनच. भाजीची पिशवी घेऊन त्या इमारतीवरून जाणाऱ्या आम्हां गृहिणींना, आत देशातल्या नद्यांची नाडी पाहिली जाते याची कल्पना कोठून असणार?

मला ती आली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मुले मार्गाला लागल्यानंतर विद्यापीठात नाव घातले तेव्हा. विषय होता जोखीम आणि संकटकाळातील संवाद. हे ऐकून नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “संकट आले की ओरडायचे! त्यात दोन वर्षे शिकायचे काय?” प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. ओरडावे केव्हा, कोणी, कोणत्या शब्दांत, आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास का ठेवावा, हेच तर त्या दोन वर्षांत शिकवतात.

या शास्त्राचे वय फार नाही. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की, तज्ज्ञ माणूस धोका मोजतो तो मृत्यूंच्या आकड्यांत, तर सामान्य माणूस आणखी पुष्कळ गोष्टी जमेस धरतो: धोका ओळखीचा आहे की नवा, आपण होऊन पत्करलेला आहे की दुसऱ्याने लादलेला. पीटर सँडमन यांनी तर धोका म्हणजे अपाय अधिक संताप, असे समीकरणच मांडले. वर्गातल्या तरुण मुलामुलींना ते नवे वाटले. मला मात्र पुण्याचा प्लेग आठवला. १८९७ साली रोग खराच भयंकर होता. पण रँडसाहेबाच्या अमलात सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या तेव्हा लोक रोगापेक्षा उपायालाच अधिक भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेतले प्रत्येक मूल जाणते. अपायात संताप मिळाला की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण मला परदेशी पुस्तकांत आढळले नाही.

पुढे जुलै २०२३ उजाडला. हरियाणातील हथनीकुंड बंधाऱ्यावरून साडेतीन लाख क्युसेकांहून अधिक पाणी सुटले. तेथून दिल्लीस पाणी येण्यास एरवी दोनतीन दिवस लागतात. जुन्या रेल्वेपुलावर, म्हणजे दिल्लीकरांच्या लोखंडी पुलावर, यमुनेच्या धोक्याची पातळी २०५.३३ मीटर अशी आखलेली आहे. १३ जुलैला पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. लाल किल्ल्याच्या भिंतीशी पाणी लागले. आर. के. पुरम नदीपासून दूर व उंचावर. आमच्याकडे नळाला पाणी येईल की नाही एवढीच काय ती चिंता.

पाणी ओसरू लागल्यावर आमच्या अध्यापिकेने वर्गाला मयूर विहारजवळ नेले. नदीकाठच्या खादर जमिनीत भाजीपाला पिकविणारी कुटुंबे तेथे रस्त्याच्या कडेला ताडपत्र्यांखाली राहत होती. सूचना मिळाली होती काय, कशी मिळाली, ती ऐकून काय केले, एवढेच विचारून लिहून आणावयाचे होते. उत्तर प्रदेशातून आलेली एक बाई माझ्या वाट्यास आली. ध्वनिक्षेपकाची गाडी आली होती, हे तिने लगेच कबूल केले. “नदी धोक्याच्या निशाणावर गेली म्हणाले. पण बहेनजी, निशाण तुमच्या पुलावर. आमच्या शेतात ते कुठे आहे?” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि निघा म्हणाले. म्हशीला घेऊन कुठे जाऊ, ते नाही सांगितले.” म्हैस वाचली होती, पण तिला सोडवीपर्यंत बाईच्या छातीला पाणी लागले होते.

मी वहीत लिहून घेतले. परतताना बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही. आकडा चुकला नव्हता, वेळेवर मिळालाही होता. परंतु सेंटिमीटरपर्यंत मोजलेला तो आकडा आणि खुंट्याला बांधलेली ती म्हैस यांच्यामध्ये जी वाट आहे, ती कोणी चालून गेले नव्हते. माझ्या मते आमचा सारा विषय त्या वाटेत आहे. पुस्तके तिच्याबद्दल बोलतात, पण म्हशीचे नाव घेत नाहीत.

अभ्यास म्हणून प्रत्येकाने आपण भेटलेल्या माणसासाठी पुराची सूचना चार वाक्यांत लिहावयाची होती. मी लिहिली, आणि सासूबाईंना वाचून दाखविली. त्या पुण्याच्या, नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. येथे तर दिवस हाताशी होते. पुण्याला घटकांचाच हिशेब. सासूबाईंनी माझी चार वाक्ये ऐकून घेतली व म्हणाल्या, “अगं, आम्हांला कुणी मीटर सांगितले नाहीत. रोजचा गवळी आला नि म्हणाला, नदीचं लक्षण बरं नाही, पोरं घ्या आणि पर्वतीवर चढा. लकडी पुलाकडे जाऊ नका. वडील उठलेच.” मी विचारले, त्याच्यावर एवढा विश्वास कसा? “त्याच्या दुधात पाणी असे, बोलण्यात नसे.”

गवळ्याने त्या एका वाक्यात काय करावे, कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हे तिन्ही सांगून टाकले होते; सांगणाराही रोज दारात उभा राहणारा. अमेरिकेतील आरोग्य खात्याच्या पुस्तकात हेच पन्नास पानांत वाचलेले मला आठवले. ओरिसात १९९९ च्या महाचक्रीवादळाची सूचना अगोदर दिलेली होती, तरी सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली फायलिन वादळाच्या वेळी गावोगावचे स्वयंसेवक दाराशी गेले, निवाऱ्याची पक्की घरे उभी होती, आणि लाखो लोक वेळेवर हलले. हल्ली तर आपत्तीची सूचना थेट भ्रमणध्वनीवर येते. २०२३ साली तिची चाचणी झाली तेव्हा आमच्या जिन्यातले सगळे फोन एकदम किंचाळले आणि शेजारच्या आजोबांनी आपला फोन बिघडला म्हणून बंद करून ठेवला.

मी सूचना पुन्हा लिहिली. तीत मीटर नव्हते. उद्या दुपारपर्यंत पाणी शेताच्या वरच्या बांधाला लागेल. आज संध्याकाळीच निघा. जनावरे पुलाच्या चढावर बांधा, तेथे चारा मिळेल. रेशनकार्ड सोबत घ्या. अध्यापिकेने शेवटी एकच प्रश्न लिहिला होता: चारा मिळेल हे तुम्ही कोणास विचारले? त्या प्रश्नापायी मला तीन कचेऱ्यांत आठ दिवस हेलपाटे घालावे लागले.

सप्टेंबर २०२५ मध्ये यमुना पुन्हा २०७ मीटरच्या वर गेली. त्या बाईचा क्रमांक मजजवळ होता. दोन दिवस आधीच फोन लावला. पलीकडून गोंगाट ऐकू येत होता. ती म्हणाली, म्हैस सकाळीच वर आणून बांधली आहे, आता शेजारणीचे सामान चढवीत आहोत, मग बोलू.