दाराशी उभ्या असलेल्या मोटारीचा विमा

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांच्या जुन्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरांची रचना अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. जिना उतरला की व्यवसायाची जागा. बँक, दवाखाना, भाजीबाजार, मंदिर हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर. जरा लांबचे काम निघाले तर घरात दुचाकी असते, आणि मालाची ने-आण टेम्पो करतो. अशा घराच्या मागच्या अंगणात किंवा गल्लीच्या तोंडाशी बहुधा एक मोटारही उभी असते. तिच्यावर कापडी आच्छादन असते आणि आठवड्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून कोणीतरी ती सुरू करून ठेवतो.

ही मोटार बहुधा मुलाने हौसेने घेऊन दिलेली असते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला स्थिरावतो, आणि मोटार आईवडिलांपाशी राहते. तिचा उपयोग ठरलेला असतो. पुण्याच्या डॉक्टरांकडे जाणे, नात्यातील लग्न, एखादी तीर्थयात्रा. एरवी ज्येष्ठ मंडळी एस.टी.ने जाणे पसंत करतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला. त्यामुळे मोटारीला विश्रांती अधिकच मिळाली. वर्ष सरते, मीटर जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर पुढे सरकलेले असते, आणि विम्याचे नूतनीकरण दाराशी येऊन उभे राहते. मंचरहून चाकणच्या कारखान्यात रोज मोटारीने ये-जा करणाऱ्याला जेवढा हप्ता पडतो, जवळजवळ तेवढाच हप्ता या उभ्या मोटारीलाही पडतो. हिशेबी घरात त्या वेळी प्रश्न निघतोच की, जी गाडी चाललीच नाही तिचे एवढे पैसे कशाला भरायचे?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो केवळ आपल्या पेठांतील माणसालाच पडलेला नाही. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले विल्यम व्हिक्री यांनी १९६८ मध्येच असे मांडले होते की, अपघाताचा संभव गाडी किती धावते यावर बराच अवलंबून असताना विम्याचा खर्च मात्र त्या धावण्याशी नीट जोडलेला नसतो. थोडे चालवणाऱ्याने बरेच चालवणाऱ्याचा भार उचलावा हे योग्य नव्हे. वापराप्रमाणे दाम ही कल्पना जुन्नरच्या मातीला तर परकी नाहीच. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण परंपरेने जकातीचा रांजण मानला जातो. जो तांडा घाट चढेल तो जकात देईल, जो घरी राहील त्याला देणे नाही, असा तो सरळ व्यवहार होता.

आपल्याकडे मोटार विम्यात ही कल्पना उशिरा आली. २०२० मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने काही कंपन्यांना ती प्रायोगिक तत्त्वावर राबवू दिली, आणि जुलै २०२२ मध्ये सर्व सामान्य विमा कंपन्यांना तशी योजना आणण्याची मुभा मिळाली. बाजारात ती ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ या नावाने ओळखली जाते. तिची रीत सोपी आहे. येत्या वर्षात गाडी किती किलोमीटर चालेल हे मालकाने आधी सांगायचे. त्यासाठी अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार अशा पायऱ्या ठरवलेल्या असतात. पॉलिसी घेताना मीटरचे छायाचित्र कंपनीकडे पाठवायचे. काही योजनांत गाडीत छोटे यंत्र बसवले जाते किंवा मोबाईलवरून अंतर मोजले जाते. निवडलेली पायरी जितकी खालची, तितकी हप्त्यात सवलत अधिक.

मात्र ही सवलत संपूर्ण हप्त्यावर नसते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोटारीच्या विम्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिला भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यात अपघात, आग, चोरी, पूर यांचा समावेश होतो. दुसरा भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होईल किंवा ज्याचे नुकसान होईल त्या परक्या माणसाचा. किलोमीटरनुसार मिळणारी सवलत पहिल्या भागापुरतीच आहे. दुसऱ्या भागाचा दर केंद्र सरकार ठरवते आणि तो सर्वांना सारखा असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीला ७,८९७ रुपये असा तो आहे. या सगळ्यावर १८ टक्के जी.एस.टी. वेगळा.

एक उदाहरण मांडून पाहावे. समजा, १२०० सीसीच्या मोटारीचा पहिल्या भागाचा हप्ता ६,००० रुपये येतो. थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये मिळवले की ९,४१६ रुपये होतात आणि करासह ही रक्कम सुमारे ११,१११ रुपयांवर जाते. आता कमी किलोमीटरची पायरी घेतल्यामुळे पहिल्या भागात २० टक्के सवलत मिळाली असे धरू. ६,००० चे ४,८०० झाले. एकूण ८,२१६ आणि करासह सुमारे ९,६९५. म्हणजे बचत १,४१६ रुपयांची. जाहिरातीतील २० टक्के प्रत्यक्ष एकूण रकमेवर १३ टक्क्यांच्याही आत येतात. चौदाशे रुपये टाकून देण्याजोगे नाहीत, पण त्यांच्या मागे धावताना मोठी रक्कम हातची जाऊ नये, एवढे भान ठेवावे.

ती मोठी रक्कम कोणती? पहिली म्हणजे ‘नो क्लेम बोनस’. दावा न करता वर्षे गेली की पहिल्या भागाच्या हप्त्यात २० टक्क्यांपासून वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. कमी चालणाऱ्या मोटारीला ही सूट बहुधा पूर्ण साठलेली असते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती सारी नाहीशी होते. वरच्या उदाहरणात ५० टक्के म्हणजे ३,००० रुपये. ‘गाडी उभीच आहे, दिवाळीनंतर बघू’ असे म्हणत नूतनीकरण लांबवणाऱ्या घरात बचतीच्या दुप्पट रक्कम अशी नकळत निघून जाते.

दुसरी गोष्ट अंदाजाची. मंचर ते पुणे साधारण ६० किलोमीटर. महिन्यातून दोनदा जाऊन-येऊन वर्षाचे २,८८० किलोमीटर होतात. आसपासच्या गावी आठवड्याला ४० किलोमीटर धरले तर २,०८० होतात. बेरीज ४,९६०. पाच हजारांची पायरी अगदी मापाची वाटते. परंतु त्याच वर्षी कुंभोज-बाहुबलीची यात्रा निघाली, तर जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरांच्या आसपास आणखी चालणार, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली जाणार. लग्नसराईत पाहुण्यांना आणणे-पोहोचवणे याचा हिशेब तर कोणीच करत नाही. मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे कंपनीगणिक वेगळे असते. कोठे जादा किलोमीटर विकत घेता येतात, कोठे दाव्यातील मोठा वाटा मालकाला सोसावा लागतो, तर कोठे स्वतःच्या गाडीचा अपघाताचा दावाच नाकारला जाऊ शकतो. म्हणून हा नियम पॉलिसीच्या कागदावर वाचूनच सही करावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मर्यादा ठरवण्याचा आणि ती स्मरणात ठेवण्याचा विषय श्रावकाला नवा नाही. गुणव्रतांतील पहिल्या दिग्व्रतात गृहस्थ कोणत्या दिशेस किती दूर जायचे याचे परिमाण स्वतः ठरवतो. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ठरवलेल्या मर्यादेचे विस्मरण हाही एक दोष गणला आहे. व्रताचे प्रयोजन आत्मशुद्धीचे आणि विम्याचे पैशाचे. दोहोंची बरोबरी करण्याचे कारण नाही. पण मनुष्यस्वभावाची ही नेमकी जाण व्यवहारातही उपयोगी पडते. मर्यादा घेताना सर्वजण सावध असतात. चार महिन्यांनंतर ती किती होती हे घरातील एकालाही आठवत नाही, आणि सुट्टीत आलेला मुलगा तर ती ठाऊक नसतानाच गाडी घेऊन माळशेज घाटात फिरून येतो.

यात अधिक जपायची बाब आणखी एक आहे. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीचे मोल तिच्या किलोमीटरांत मोजता येत नाही. रात्री दोन वाजता घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखू लागते, गावातील डॉक्टर ‘पुण्याला हलवा’ म्हणतात, त्या एका रात्रीसाठी ती मोटार वर्षभर दाराशी असते. त्या रात्री चालवणारा घाबरलेला असतो, रस्ता अंधारा असतो, पुणे-नाशिक मार्गावर अवजड वाहनांची रांग असते. विम्याची खरी गरज तेव्हाच असते. चौदाशे रुपये वाचवण्यासाठी मर्यादा इतकी काठावर घेतली की फाल्गुनातच ती संपून गेली, तर ज्या प्रसंगासाठी सारा खटाटोप त्याच प्रसंगी घर उघडे पडते. म्हणून आपल्या हिशेबात आणीबाणीचे पाचशे-सातशे किलोमीटर राखीव धरावेत आणि मगच पायरी निवडावी. हिशेब काठावर येत असेल, तर एक पायरी वरचीच घ्यावी. सवलत थोडी घटेल, पण निर्धास्तपणा राहील.

उभ्या मोटारीचा विमा मुळीच न उतरवणे हा मात्र काटकसरीचा मार्ग नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विना-विमा गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. परंतु दंडाची रक्कम येथे गौण आहे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजाराकडे पहाटे मजूर, दुचाकीस्वार, पिकअप यांची रीघ लागलेली असते. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या मोटारीकडूनही त्यांपैकी एखाद्याला धक्का लागू शकतो. उलट क्वचित चालवणाऱ्याचा हात काहीसा बिचकतच असतो. जखमी झालेला किंवा मृत्यू पावलेला माणूस घरचा कर्ता असला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे पाहून भरपाई ठरवते, आणि विमा असेल तर खासगी मोटारीच्या बाबतीत मृत्यू वा इजेची ती भरपाई कितीही मोठी असली तरी कंपनीने देणे लागते. विमा नसेल तर ती मालकाच्या घरादारातून वसूल होते. ती वसूल होईपर्यंत त्या मजुराची मुले कोणाच्या आधारावर राहतील, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. थर्ड पार्टीच्या भागात किलोमीटरनुसार सवलत नाही याबद्दल कुरकुर करण्यापूर्वी तो पैसा कोणासाठी भरला जातो, हे मनात आणावे. आपल्या गाडीच्या पत्र्यावर कमी खर्च करणे ही काटकसर होय. परक्याच्या जिवावरचा खर्च टाळणे याला तो शब्द लावता येणार नाही.

व्यवहारात करायचे ते थोडके आहे. दिवाळीला वहीपूजन होते, त्याच दिवशी मोटारीच्या मीटरचा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. दोन दिवाळ्यांतील फरक म्हणजे आपल्या घराचे खरे वार्षिक अंतर. हा आकडा कोणत्याही एजंटाच्या अंदाजाहून विश्वासार्ह असतो. पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मर्यादा संपल्यावर अपघात, आग आणि चोरी यांपैकी कोणते संरक्षण चालू राहते? वर्षाच्या मध्यात किलोमीटर वाढवून घेता येतात का, आणि किती रुपयांत? साठलेला ‘नो क्लेम बोनस’ नव्या पॉलिसीत जसाच्या तसा येतो का? उत्तरे लेखी मिळाली की पायरी निवडावी आणि तिचा आकडा व नूतनीकरणाची तारीख गाडीच्या किल्लीच्या खिळ्याशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवावी. किल्ली घेणाऱ्या प्रत्येकाची नजर तिच्यावर पडेल. सहामाहीला एकदा मीटर पाहिला आणि अर्ध्याहून अधिक अंतर संपलेले दिसले, तर तेव्हाच जादा किलोमीटर घेऊन ठेवावेत.

असा हिशेब लिहू लागले की पुष्कळ घरांना आणखी एक गोष्ट उमगते. वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीचा विमा, दुरुस्ती, बॅटरी आणि घटणारी किंमत एकत्र मांडली, तर पुण्याच्या फेऱ्यांना भाड्याची गाडी सांगणे स्वस्त पडते, असे कागदावर दिसते. तरीही काही घरे मोटार ठेवतात आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. रात्रीचा आधार भाड्याच्या गाडीत नेहमी मिळेलच असे नाही. पण मग ती आधारासाठी ठेवली आहे हे समजून ठेवावी, आणि तिचा विमाही त्या आधाराला शोभेल असा असावा.