सराफाच्या मोडीतला स्वार

तुळजापुरात सराफांच्या दुकानांतून मी कॉलेजच्या दिवसांत निजामाचे चारमिनार छापाचे रुपये शोधत फिरायचो. मराठवाड्यातल्या पोरांचा नाण्यांचा नाद बहुधा तिथूनच सुरू होतो. एका दुकानात मोडीच्या डब्यात, तुटक्या पैंजणांखाली, रुपयापेक्षा मोठी चांदीची चकती सापडली. एका अंगाला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या अंगाला ढाल घेतलेली ब्रिटानिया, मागे सिंह, वर ‘इंडिया’ आणि खाली १८५७-१८५८. कडीजवळ ‘सेंट्रल इंडिया’ अशी पट्टी, म्हणजे सत्तावन्नच्या उठावातलं इंग्रजी पदक. सराफानं चांदीच्या भावानं दिली. मजुरी लावली नाही, एवढाच उपकार.

घरी भिंग धरलं तेव्हा कडेवरची अक्षरं दिसली. एका स्वाराचं नाव आणि पुढे हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेली फौज. (नाव इथे देत नाही, वारस कुठेतरी असतील.) नाण्यावर राजाचं नाव असतं, इथे महिन्याच्या पगारावर लढणाऱ्याचं होतं. नाणी मागे पडली ती तेव्हापासून.

पुढे पदकंच पाहत गेलो. १८५१ साली काढलेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या पट्ट्यांवर असई, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव अशी आपलीच गावं आहेत. ते पदक मिळालं तोवर जगलेल्यांनाच, म्हणजे १८०३ मध्ये असईला विशीत लढलेला शिपाई सत्तरीला टेकल्यावर! ते माझ्या ऐपतीबाहेरचं. काचेआडून पाहिलं तेवढंच. लबाडीही शिकलो. कडेवरचं मूळ नाव घासून भाव खाणारं दुसरं नाव कोरतात, म्हणून खिशात कॅलिपर ठेवायचा. सत्तावन्नच्या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. घासलेलं कमी भरतं. १८८५ च्या ब्रह्मदेश मोहिमेपासून भिस्ती-मोतद्दारांना मोहिमेचं पदक ब्राँझचं मिळू लागलं. त्या ब्राँझला आटवण्याइतकी किंमत नव्हती, म्हणून ते वाचलं. चांदीची मात्र लेकीसुनांच्या पायांत गेली असणार.

गोऱ्या शिपायाचा माग लंडनच्या दप्तरांत लागू शकतो. जन्मगाव, आधीचा धंदा, उंचीसुद्धा. माझ्या स्वाराचं एवढं कौतुक कुणी केलेलं नव्हतं. तेव्हा मी माणसाचा नाद सोडून त्याच्या पगाराच्या मागे लागलो, आणि त्या पगारानं मला घराशेजारी नळदुर्गात आणून सोडलं.

१८५३ च्या तहानं इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख लावून घेतला, तो कंटिन्जंटच्या खर्चासाठीच. नळदुर्गच्या कारभारावर मेडोज टेलर आला, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा. त्यानं जमिनी मोजल्या, रस्ते केले, सारा बसवला. आमच्याकडचे लोक त्याच्याविषयी अजून जरा प्रेमानंच बोलतात. पण बोरी नदीकाठच्या कुणब्यानं भरलेला सारा शेवटी कशासाठी होता? अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादेत, कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. घोडा स्वाराचा आणि दाणावैरण त्याच्या पगारातून. आमच्या ज्वारीचा पैसा असा घोड्याच्या तोबऱ्यात जात होता.

१८५८ मध्ये कंटिन्जंटचे स्वार इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेबरोबर झाशीला गेले. पुढे कोंच, काल्पी, भर मे महिन्यात, जिथे उन्हानंच माणसं पडत होती. एप्रिलच्या सुरुवातीला राणी लक्ष्मीबाई झाशीतून निसटल्या, तेव्हा पाठलागावर कंटिन्जंटचा लेफ्टनंट डाउकर होता. भांडेरजवळ तो जखमी झाला आणि राणी काल्पीला पोहोचल्या.

असलं पदक घरात कशाला, असं लोक विचारतात. रास्त आहे. मीही त्याला हळदकुंकू वाहत नाही. फक्त त्या स्वाराला एकट्याला परका ठरवायचं म्हटलं, की सारा भरणारे आमचे खापरपणजोबा आडवे येतात. त्यांना विचारून कुणी तो घेतला नव्हता, हे खरं. स्वारालाही कुठे जायचं ते कुणी विचारलं नसेल.

सत्तावन्नला इंग्रजांना साथ दिल्याबद्दल निजामाला मिळालेलं बक्षीस या पदकाहून मोठं. १८६० मध्ये इंग्रजांनी त्याचं ५० लाखांचं कर्ज माफ केलं, रायचूर दोआब परत दिला आणि आमचा मुलूखही. स्वाराला चांदीची चकती, निजामाला आम्ही. त्या कंटिन्जंटच्या घोडदळाचा वारसा पुढे डेक्कन हॉर्सकडे आला. १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरला या रेजिमेंटचे रणगाडे लढले. याचा अभिमान बाळगायला कुणाचीच हरकत नसते.

अंबाजोगाईला गेलो की जुन्या घरांतून चौकशी करतो. एका आजोबांनी चहा पाजला. घराण्यातला कुणी रिसाल्यात होता म्हणाले, घोड्याचा रंगही सांगितला. झाशीचं नाव काढल्यावर ताठ बसून म्हणाले, “होते ना झाशीला! राणीसाहेबांच्या बाजूनं.” मी हुज्जत घातली नाही. घोडा अबलख होता, एवढं वहीत उतरवून घेतलं.