दुसऱ्याच्या तारणाचं ओझं

काळ वाईट आला की प्रार्थनाही आखडते. माझं घर राख, माझी लेकरं सांभाळ, एवढ्यावरच ती थांबते. यात गैर काही नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनंच शिकवलं. पण अशाच दिवसांत कुणीतरी उठून दुसऱ्याच्या तारणासाठी गुडघे टेकतं, तेव्हा मंडळी अजून जिवंत आहे याची मला खात्री पटते.

पवित्र शास्त्रात अशी माणसं भेटतात. सदोमासाठी अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून सुरुवात करतो आणि घासाघीस करत दहांवर येतो. सोन्याच्या वासरापुढे नाचलेल्या लोकांना क्षमा होणार नसेल, तर देवाच्या पुस्तकात आपलंही नाव नको, असं मोशे सांगतो. पौल आपल्या भाऊबंदांसाठी ख्रिस्तापासून तुटायलाही तयार होतो. हे वाचताना मी दरवेळी थबकते. ही माणसं काठावर कोरडी उभी राहून बुडणाऱ्याला हाक मारत नाहीत. मोशे आणि पौल तर स्वतःचं तारणच पणाला लावतात.

आपल्याकडे हे ओझं वाहिलं पंडिता रमाबाईंनी. भूक त्यांनी पुस्तकातून ओळखली नव्हती. दक्षिणेतल्या उपासमारीत आई-वडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. म्हणूनच १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून दौंडजवळच्या केडगावला बिऱ्हाड हललं. तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. आधी पोटात अन्न, मग अक्षरं, मग हाताला काम.

आणि १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी साथ मागितली. ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. देशातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, ही त्यांची मागणी. आणि त्या लोकांत रमाबाई स्वतःलाही धरत होत्या. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. ‘त्यांना तार’ म्हणताना ‘मलाही’ म्हणायला त्या विसरल्या नाहीत. हे विसरलं की प्रार्थनेत तुच्छता शिरते, आणि तुच्छतेनं केलेली प्रार्थना देवाला आवडत असेल असं मला वाटत नाही. तसंच भुकेल्यापुढे भाकरी धरून त्याचा विश्वास मागणंही मला पटत नाही. मागायचं ते देवाकडे; भाकरी बिनशर्त द्यायची.

२०२१ च्या करोनाच्या उन्हाळ्यात आमची प्रार्थना फोनवर चालायची. कुणाला ऑक्सिजन हवा असे, कुणाला बेड. शेजारच्या गल्लीतल्या, कोणत्याही मंडळीत नसलेल्या माणसांचीही नावं विनंत्यांत येत. बरं कर, हे सगळेच म्हणत. त्यांच्या जिवाला शांती दे, तुझी ओळख पटू दे, हे एखादीच म्हातारी बाई हळूच जोडायची. मग तीच सकाळी त्यांच्या दाराशी डबा ठेवून यायची.

उत्तर मिळालेलं दिसेलच असं नाही. स्तेफनानं दगड मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा त्यांची वस्त्रं सांभाळत शौल उभा होता. तो पुढे पौल झाला, हे पाहायला स्तेफन उरला नव्हता. तरी ती प्रार्थना वाया गेली असं कोण म्हणेल?

आजही युद्धाच्या बातम्या आहेत, कर्जात बुडालेली शेतं आहेत, घराघरांत अबोला आहे. आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा एका तरी परक्या माणसाचं नाव घ्या, शक्य तर ज्याच्याशी पटत नाही त्याचंच. आणि उद्या त्याच्या घरी जाऊन या.