पंखा पाण्याबाहेर

शिडाच्या छोट्या होडीला मोटर लावायची तर आधी काय मोजायचं, हे मला फार उशिरा कळलं. मी अश्वशक्ती मोजत राहिलो. पंखा पाण्यात किती खोल राहील, ते मोजायचं राहूनच गेलं.

माझी होडी 22 फुटी, सामानासकट टनभर वजनाची. मुंबई बंदरात, अपोलो बंदरासमोर ती उभी असते. पहिली मोटर मी जुनी घेतली: चार अश्वशक्तीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, हलकी आणि खिशाला परवडणारी. तिचा शाफ्ट 15 इंची होता. छोट्या आउटबोर्डचे शाफ्ट साधारण 15, 20 आणि 25 इंचांचे मिळतात. 15 इंची शाफ्ट वल्ह्याच्या छोट्या डिंगीसाठी ठीक, कारण तिची मागची फळी पाण्याला जवळ असते. माझ्या होडीची ती फळी बरीच उंच. तरी ब्रॅकेट खाली सरकवून मी ती मोटर बसवली आणि धक्क्याजवळच्या संथ पाण्यात चालवून पाहिली. छान चालली. चालणारच होती. मी मागे मोटरीपाशी बसलो होतो, माझ्या वजनाने होडीची पाठ दबली होती आणि पंखा पाण्यात होता. ही परीक्षा खोटी होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

खरी परीक्षा मांडव्याहून परतताना झाली. हिवाळ्याचे दिवस. दुपारभर उत्तम खारा वारा होता आणि चारच्या सुमारास आम्ही निघालो. तिथी पाहिली नव्हती. मुंबईच्या किनाऱ्यावरचा कोळी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. अष्टमीला सहा, बीजेला दीड. त्या दिवशी नेमकी वद्य द्वितीया होती. दीडला भरती झाली, म्हणजे साडेचारला ओहोटी ऐन जोरात. पौर्णिमा नुकतीच गेलेली, उधाणाचे दिवस. अशा दिवसांत बंदराच्या तोंडाशी पाणी दोन-अडीच नॉटने बाहेर ओढतं. आम्हाला जायचं होतं आत.

मावळतीला वारा पडला. शिडं लोंबू लागली तशी मी ती उतरवून गुंडाळली, कारण मोटर होती. ही त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक, असं मला आजही वाटतं. शीड बांधायला सोबती पुढे नाळेकडे गेला आणि होडीची पाठ उचलली गेली. त्यात शेजारून एक मोठी फेरी बोट गेली. तिच्या लाटांवर पंखा पाण्याबाहेर येई, इंजिन किंचाळे, पुन्हा पाण्यात जाई आणि धापा टाकी. पंखा हवेत फिरतो तेव्हा ढकलणं तर थांबतंच, पण थंड करणारं पाणीही इंजिनात ओढलं जात नाही. थोड्या वेळाने ते तापून बंद पडलं. आम्ही हळूहळू दक्षिणेला, प्रॉन्ग्स दीपगृहाच्या खडकांच्या दिशेने सरकत होतो. नांगर होता, पण पिशव्यांखाली, दोरी न जोडलेला.

मासेमारीहून परतणाऱ्या एका बोटीने दोर टाकला. तांडेल रागावला नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, आज बीज. पाणी वळेपर्यंत नांगर टाकून बसायचं होतं.”

त्याचं ऐकून मी तिथी बघायला शिकलो. मोटरीच्या बाबतीत मात्र भलताच धडा घेतला. चार अश्वशक्ती कमी पडली असं ठरवून मी दोन सिलिंडरची 9.9 अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक आणली. वजन चाळीस किलोंच्या पुढे. गणित आधी करायला हवं होतं. अशा होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला 1.34 ने गुणायचं, की नॉटमधला कमाल वेग मिळतो. माझ्या होडीची पाण्यातली लांबी 18 फूट, म्हणजे जेमतेम पावणेसहा नॉट. त्यापुढे कितीही अश्वशक्ती ओता, होडी आपलीच लाट ओढत राहते. ती मोटर मागे टांगल्यावर होडीची पाठ कायमची बसली आणि शिडावरची चाल मंदावली. शाफ्ट 20 इंची असल्याने उसळत्या पाण्यात पंखा तरीही मधूनमधून बाहेर येई. चाळीस किलोंचं धूड उचलून आत घेताना माझ्या कमरेने जे सोसलं ते वेगळंच.

इलेक्ट्रिक मोटरीचाही विचार केला होता. किलोवॉटभर ताकदीच्या मोटरीसोबत साधारण 900 वॉट-तासांची बॅटरी येते. पूर्ण जोरात ती तासभरही पुरत नाही. निम्म्या वेगात खूप जास्त पुरते, पण उधाणाच्या ओहोटीसमोर निम्मा वेग म्हणजे जागच्या जागी उभं राहणं. तलावात मी तीच घेतली असती.

आता आहे ती सहा अश्वशक्तीची, एका सिलिंडरची, 25 इंची शाफ्टची. पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पण जड होडीला जोराने रेटणारा. घाट चढताना खालचा गिअर टाकावा तसा. बसवण्यापूर्वी सोबत्याला नाळेवर उभं केलं, मी पुढे डोलकाठीपाशी गेलो आणि धक्क्यावरच्या तिसऱ्याने ब्रॅकेटपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. हे माप पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं.

पेट्रोलनेही मला एकदा फसवलं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. पावसाळ्यात होडी वर काढली तेव्हा कार्बुरेटर रिकामा केला नव्हता. पाऊस संपल्यावर मोटर सुरूच होईना. जेट चोंदलं होतं. आता मे संपण्याआधी मी इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो आणि कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढतो.

लांब शाफ्टची एक अडचण अजून सुटलेली नाही. मोटर वर उचलली तरी तिचं टोक पाण्याला लागतं आणि शंखशिंपले चिकटतात. मुक्कामाला आल्यावर ती काढून होडीत घ्यावी लागते. सव्वीस-सत्तावीस किलो आहे, जमतं. नांगर मात्र आता दोरी जोडून, नाळेवर, हाताशी असतो.