दिवेलागणीचा प्रश्न

आपल्याकडे ऋतूची निवड कोणी करीत नाही. मृग लागला की माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात, थंडी पडली की हुरड्याची बोलणी सुरू होतात, आणि वैशाखात ज्याला परवडते तो महाबळेश्वरी जातो. ज्याला परवडत नाही तो, म्हणजे आम्ही वाईकर, पसरणीच्या घाटाकडे जाणाऱ्या त्याच्या मोटारी मोजीत बसतो. त्यामुळे 'कोणत्या ऋतूत जावे?' हा प्रश्न आमच्या घरात प्रथम उभा राहिला, तेव्हा तो दिवाळीपासून होळीपर्यंत उभाच राहिला.

कारण असे झाले की, दादा नॉर्वेतील ट्रॉम्सो या गावी माशांवर संशोधन करतो. गाव आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तिथले विद्यापीठ 1972 साली सुरू झाले. दादाच्या नेमणुकीची मुदत 2025 अखेर संपणार होती, म्हणजे जायचे तर त्या एका वर्षात आणि एकदाच. आईबाबांची तिकिटे तो काढणार होता. माझे तिकीट बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून काढायचे ठरवले, कारण विमानतळावर आईचा हात धरायला कोणीतरी हवे.

आईच्या डोळ्यांविषयी इथेच सांगून टाकते. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात पाहणाऱ्या ज्या पेशी असतात त्या तिच्या हळूहळू निकामी होत चालल्या आहेत. रोगाचे नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग कडेकडेचे, आणि नजर नळीतून पाहावे तशी अरुंद होत जाते. हे कळून नऊ वर्षे झाली. तेव्हापासून आई दिवेलागणीनंतर घराबाहेर एकटी पडलेली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती चारलाच जाऊन येते, लग्न संध्याकाळचे असेल तर आहेर माझ्याबरोबर पाठवते, आणि घाटावरचे कीर्तन तिने सोडले ते सोडलेच. याविषयी ती बोलत नाही. "मला बाई गर्दी सोसत नाही," एवढे एक वाक्य तिने तयार ठेवले आहे आणि ते गावाने मान्य केले आहे.

बाबा भूगोलाचे शिक्षक. तीस वर्षे त्यांनी 'ध्रुवावर सहा महिने दिवस व सहा महिने रात्र' हे वाक्य मुलांकडून घोकून घेतले. स्वतः मात्र भारताची सीमा ओलांडली नव्हती. त्यांचा कौल पहिल्या दिवसापासून ठरलेला होता: ध्रुवीय प्रकाश पाहायचा. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवप्रदेशाकडे वळतात, शंभर किलोमीटर व त्याहूनही उंचावरच्या हवेतील ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात आणि आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलू लागतात. हे त्यांनी फळ्यावर खडूने इतक्या वेळा काढले आहे की, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना ते बहुधा पांढरेच वाटत असावेत! क्रिस्टियन बिर्केलँड नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत चुंबकाचा गोळा टांगून हा प्रकाश कृत्रिम रीतीने निर्माण केला होता, आणि त्या देशाने एके काळी त्याचे चित्र 200 क्रोनरच्या नोटेवर छापले होते, ही बाबांची आवडती हकिकत. "ज्या देशात नोटेवर भौतिकशास्त्रज्ञ असतो," असे म्हणून ते थांबत. पुढचे आम्ही समजून घ्यायचे.

त्यांच्या आग्रहाला आणखी एक कारण होते. सूर्यावरच्या डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे. 2024-25 च्या सुमारास ते ऐन भरात होते. इतके की, मे 2024 मध्ये लडाखातील हानले येथूनही क्षितिजावर तांबूस आभा टिपली गेली. पुढचा भर येईल तेव्हा बाबांनी सत्तरी ओलांडलेली असेल. त्यांनी हा हिशेब मोठ्याने मांडला नाही, पण कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने केलेली बेरीज मी पाहिली.

आता ऋतूंकडे वळू. कागदपत्रांना वेळ लागणार असल्यामुळे फेब्रुवारी हातचा गेला होता. उरलेल्यांत दादाचे मत मार्चअखेरीला. त्या सुमारास बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला आलेला कॉड मासा लोफोतेन बेटांपाशी असतो. तिथे तो मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून उन्हावाऱ्यात वाळवतात. "आपले बोंबील वाळवतात तसेच की," आई म्हणाली आणि तो मुद्दा निकालात निघाला. ईस्टरच्या सुटीत नॉर्वेचे लोक डोंगरातल्या झोपड्यांत जाऊन बर्फावर घसरतात व रात्री रहस्यकथा वाचतात, असेही दादाने सांगितले. रहस्यकथा वाईतही वाचता येतात, असे वहिनीच म्हणाली.

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे 'मोर्केतीद', काळोखाचा काळ. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. आणि डोंगर आडवे असल्यामुळे गावाला त्याचे दर्शन 21 जानेवारीच्या सुमारास होते. त्या दिवशी लोक गोड पाव खाऊन सूर्याचे स्वागत करतात. थंडीची मात्र आपण समजतो तेवढी भीती नाही. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे ते बंदर गोठत नाही. जानेवारीत लेहला त्याहून जास्त गारठा असतो. दुपारी दोन-चार तास निळा-गुलाबी संधिप्रकाश रेंगाळतो. इथे बाबांना लोकमान्य आठवत. टिळकांचा वेदांतील आर्क्टिक वसतिस्थानाविषयीचा ग्रंथ 1903 साली प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातल्या उषा इतक्या लांबलेल्या का, याचे उत्तर त्यांनी उत्तर ध्रुवाच्या आसमंतात शोधले. त्यांचा निष्कर्ष आज विद्वान मानीत नाहीत. पण ज्या माणसाने ती पहाट कधी पाहिली नाही त्याने ती नुसत्या सूक्तांवरून अशी उभी करावी, याचे बाबांना फार कौतुक. "आपण निदान पाहून तरी येऊ," ते म्हणत.

आणि सप्टेंबरचा शेवट हा बाबांनी काढलेला मध्यममार्ग. दिवस-रात्र समसमान, भूर्जाची झाडे पिवळी, आणि रात्र काळी असल्यामुळे प्रकाशही दिसण्याचा संभव. कागदावर ही तडजोड इतकी चोख दिसत होती की, तिच्यात आई कुठे बसते हे कोणी विचारले नाही. मंद उजेडात ज्या बाईला समोरची पायरी दिसत नाही, तिला आकाशातला तो फिकट पडदा दिसणार कसा? आम्ही सारे मान वर करून 'अहाहा' म्हणणार आणि ती माझा हात धरून अंधारात, बर्फाळ वाऱ्यात, उभी राहणार. मी हे बाबांना सांगणार होते. पण आई समोर असताना सांगता येत नव्हते, आणि आई घरात नाही असा क्षण संध्याकाळी मिळत नाही.

शेवटी ते सुटले वेगळ्याच वाटेने. होळीच्या आधी एका रविवारी दादाचा फोन आला. बाबा सप्टेंबरचे बोलत होते. मध्येच आईने विचारले, "आणि जूनमध्ये काय असतं रे तिथं?"

"जूनमध्ये काही नसतं. सूर्य मावळतच नाही. वीस मेपासून जुलैच्या बावीस तारखेपर्यंत चोवीस तास उजेड."

"अजिबात अंधार पडत नाही?"

"अजिबात नाही."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग देवापुढं दिवा कधी लावायचा?"

दादा हसला, मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्या रात्री ते बराच वेळ ओसरीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी अर्जाचे कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवले. जाण्याची तारीख त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरली होती: 9 जून. "मृग लागल्यावर निघू. पाऊस काय, आपल्यावाचून पडेल," एवढेच बोलले. आईला काही सांगितले नाही, आणि तिनेही काही विचारले नाही. आमच्या घरातले मोठे निर्णय असेच होतात.

जून हा ट्रॉम्सोचा देखणा महिना आहे असे मी म्हणणार नाही. आम्ही बारा दिवस राहिलो, त्यांतले सात ढगाळ. हवा आपल्या महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी. डोंगरमाथ्यांवर बर्फ होतेच. रात्री खिडक्यांना काळे जाड पडदे लावून झोपायचे आणि समुद्रपक्ष्यांचा कलकलाट सोसायचा. बाबांना धड झोप लागली नाही. मात्र ज्या रात्री आभाळ निवळले त्या रात्री ते बारा वाजता अंगणात उभे राहून स्वतःची सावली पाहत होते. सूर्य उत्तरेला, क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर, आणि दक्षिणेकडे पसरलेली भलीमोठी सावली. "मध्यरात्री, दक्षिणेला!" ते मला दोनदा म्हणाले. तीस वर्षे शिकवलेली गोष्ट स्वतःच्या पायापासून सुरू झालेली पाहून त्यांना जे वाटले असेल ते वाटो. ध्रुवीय प्रकाशाचे नाव त्यांनी त्या बारा दिवसांत एकदाही काढले नाही.

आईने देवापुढे दिवा घड्याळ पाहून सातला लावला. मग जेवणे झाल्यावर, साडेदहाच्या सुमारास, ती चपला शोधू लागली.

ट्रॉम्सो हे बेटावरचे गाव. पलीकडच्या किनाऱ्याला जोडणारा एक उंच, कमानदार पूल 1960 पासून आहे. लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त. पायी चालणाऱ्यांना कडेने वेगळी वाट आहे. पलीकडे 1965 साली बांधलेले पांढरे, त्रिकोणी चर्च दिसते. आम्ही पुलाच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा समोरून ऊन येत होते. आईने दादाची टोपी आणि काळा चष्मा घातला होता, कारण तिच्या डोळ्यांना झगझगाटही सोसत नाही. माझा हात तिच्या कोपराखाली होता, रोज असतो तिथे.

थोडे चालून गेल्यावर तिने कोपर हलवले. मला वाटले, तिला रुमाल हवा आहे. तिने हात सोडवून घेतला होता.

"तू मागून ये," ती म्हणाली, "मी होते पुढं."

ती चालली. कठड्याला एका हाताने अधूनमधून स्पर्श करीत, पण चालली. एक सायकलवाला बाजूने आला तो तिला दिसला नाही; त्याने घंटी वाजवली, ती दचकून थांबली, पुन्हा निघाली. चढ संपेपर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही. मी दहा पावले मागे, बाबा माझ्याही मागे. त्यांच्या कोटाच्या खिशात घरची बॅटरी होती. वाईहून निघताना त्यांनी ती सवयीने घेतली होती आणि इथेही रोज बाहेर पडताना सवयीने खिशात टाकीत होते.

पुलाच्या मधोमध आई थांबली. खालून एक बोट गेली. आम्ही जवळ पोहोचलो तेव्हा तिने विचारले, "किती वाजले?"

"अकरा वाजून दहा मिनिटं," बाबा म्हणाले.

"रात्रीचे ना?"

"रात्रीचे."

"मग चर्चपर्यंत जाऊन येऊ," ती म्हणाली, आणि आमचे उत्तर यायच्या आत पुन्हा पुढे निघालीसुद्धा.