मनमाडची होळी

मनमाड हें गांव पुष्कळांनीं पाहिलें आहे; उतरून मात्र फार थोड्यांनीं. भुसावळाकडे जाणारा प्रवासी येथें अर्धवट झोपेंत चहा घेतो, शिर्डीस किंवा वेरुळास जाणारा येथें गाडी बदलतो, आणि नांदेडच्या हुजूरसाहिबाची वाट धरलेला पंजाबी यात्रेकरू येथल्या गुप्तसरसाहिब गुरुद्वारांत पोटभर जेवून पुढें जातो. मुंबईपासून सुमारें २६० किलोमीटरांवरचें हें जंक्शन सर्वांच्या तोंडीं आहे. गांव कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. गेल्या फाल्गुनांत एका वृद्ध स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही तेथें चार दिवस राहिलों व होळी तेथेंच केली. नाशिक सोडून मनमाडची होळी पाहण्यांत विशेष तें काय, असें आमच्या घरच्या मंडळींनींही विचारलें होतें. निघतांना आमच्याजवळ त्याचें उत्तर नव्हतें.

हें गांव आगगाडीनें घडविलेलें आहे. मुंबईहून थळघाट चढून येणारी मुख्य वाट, १८७८ मध्यें दौंडाहून येऊन मिळालेला फांटा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यांतून आलेली मीटर गेजची वाट, अशा तीन वाटा येथें एकत्र आल्या. ती तिसरी वाट अरुंद. त्यामुळें मोंगलाईंतील माल येथें एका डब्यांतून उपसून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. १९९० नंतर ती रुंद झाली आणि ही खटपट संपली, पण तोंपर्यंत तिच्यावर दोन-तीन पिढ्यांचे संसार उभे राहिले होते. त्यांतच रेल्वेचा कारखाना आणि पुढें अन्न महामंडळाचीं अवाढव्य गोदामें. तेव्हां खानदेशी, वऱ्हाडी, मराठवाड्याचे, तेलंगी, उत्तरेकडील, ख्रिस्ती, मुसलमान, शीख, अशी सर्व तऱ्हेची माणसें येथें पोटामागें आलीं व राहिलीं. जुन्या खेड्यांत होळी म्हटली कीं पाटलाचा मान, पहिला नारळ कोणाचा, पोळी कोणाची, अशी ठरलेली उतरंड असते, आणि ती मोडली तर डोकीं फुटतात. रेल्वेच्या वसाहतींत पाटील कोठून आणावा? आमचे स्नेही चाळीस वर्षें गार्डच्या डब्यांतून हिंडून आतां निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, “आमच्याकडे मान सीनियॉरिटीप्रमाणें!” ज्याचें बिऱ्हाड सर्वांत जुनें, त्याच्या घरच्या पोरानें होळीला विस्तव लावावा, एवढाच त्यांच्या आळींतील कायदा.

गांवाच्या दक्षिणेस अनकाई-टनकाईची जोडगोळी दिसते. तिच्या अलीकडे आंगठा वर करावा तसा एक उभा सुळका आहे. त्यास येथें हडबीची शेंडी म्हणतात. टनकाईच्या अंगाला जैन लेणीं आहेत आणि अनकाईच्या माथ्यावर अगस्ति ऋषींचें स्थान. समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीनें वस्तीला नेमका हाच मुलूख निवडावा, ही गोष्ट मनमाडकरांना विनोदाची वाटत नाहीं. कारण या गांवाचें खरें दुःख पाणी हें आहे. वागदर्डीचें धरण उन्हाळ्यापूर्वींच तळ दाखवितें, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस लोक एखाद्या व्रताप्रमाणें लक्षांत ठेवतात. मधल्या अंतरांत दिवस नव्हे, आठवडे जात आले आहेत. करंजवण धरणापासून नळ घालून पाणी आणण्याची मोठी योजना अलीकडे हाती घेतली गेली, तिच्याविषयीं बोलतांना वडीलधाऱ्यांचे डोळे मुलीच्या लग्नाविषयीं बोलावें तसे होतात. घराघरांत पिंपें, टाक्या, हंडे, कळशा यांची रांग लागलेली. पाहुण्याला पाणी देतांना यजमानीण भांडें भरून देते, पण तें उष्टें टाकूं नये अशी अपेक्षा तिच्या नजरेंत असते. आम्हीं पहिल्याच दिवशीं तें ओळखलें.

युरोपच्या उत्तरेकडील लोक जून महिन्याच्या तेविसाव्या रात्रीं, वर्षांतल्या सर्वांत मोठ्या दिवसांच्या सुमारास, संत योहानाच्या नांवानें समुद्रकांठीं व टेकड्यांवर मोठे जाळ करतात. त्याच संताचा सण पोर्तुगीजांबरोबर गोव्यांत आला, पण तेथें तोंवर आर्द्रा लागलेल्या असतात. म्हणून तेथील ख्रिस्ती तरुण जाळाऐवजीं तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. सण एकच, एके ठिकाणीं अग्नि, दुसरीकडे पाणी. आपली होळी उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर येते, विहिरी खालीं जाऊं लागलेल्या असतात, आणि मनमाडासारख्या गांवीं तर अग्नि हीच काय ती उधळण करण्याजोगी वस्तु उरते. जवळच येवल्यास रंगपंचमीला पिंपेंच्या पिंपें रंग एकमेकांवर उडवून सामने होतात. नाशकास पेशवाईंतल्या रहाडी उघडून त्यांत उड्या मारतात. मनमाडची मुलें तीं वर्णनें इंद्रसभेच्या गोष्टी ऐकाव्या तशीं ऐकतात.

परंतु अग्नीलाही जळण लागतें, व येथील डोंगर उघडेबोडके. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून दहा दिवस होळीसाठीं लांकडें चोरण्याची मोकळीक आपल्या जुन्या निबंधकारांनीं मुलांना देऊन ठेवली आहे. शास्त्राचें इतकें काटेकोर पालन दुसऱ्या कोणत्याही बाबतींत होत नसेल! आमचे स्नेही लहान असतांना रुळांखालचे जुने लांकडी स्लीपर ही मुलांची आवडती लूट असे. डांबरट तेल मुरलेलें तें लांकूड एकदां धरलें कीं पहांटेपर्यंत जळे, आणि त्याच्या काळ्या धुरानें आळींतील सर्व बायका खोकत. आतां स्लीपर सिमेंटचे झाले. “ते चोरण्यांत राम नाहीं,” असें आम्हांस एका दहा वर्षांच्या तज्ज्ञानें सांगितलें. तेव्हां हल्लीं भर गोवऱ्यांवर, फळ्यांच्या तुटक्या खोक्यांवर आणि ज्वारीच्या धसकटांवर. हें आम्हांस तरी बरेंच वाटलें. उभें झाड तोडून होळींत घालणें हा धर्म नव्हे आणि हौसही नव्हे. मध्यभागीं एरंडाची फांदी व ऊंस मात्र कोणी विसरलें नव्हतें.

पौर्णिमेस सायंकाळीं आळींतील चौकांत होळी रचली गेली. बाजारांतून साखरेचे हार व कडीं आणलीं होतीं; तीं गळ्यांत घालून पोरें मिरवीत होतीं, आणि घाम लागून हारांचा पाक होत होता. घरोघर पुरण शिजत होतें. चंद्र वर आल्यावर एका ड्रायव्हरच्या नातवानें पेटता काकडा लावला, बायकांनीं पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला, पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घातल्या. ही धार आम्ही मुद्दाम पाहत होतों. इतर ठिकाणीं ती तांब्यानें पडते. येथें ती पळीपळीनें पडत होती, पण वर्तुळ कोणाचेंही अर्धें राहिलें नाहीं. मग बोंब उठली. ढुंढा नांवाची राक्षसी मुलांना पीडा देई व मुलांच्याच आरडाओरडीनें ती पळाली, अशी पुराणांत कथा आहे; त्या रात्रीं स्थानकांतून एका मालगाडीनेंही लांब शिट्टी फुंकली आणि पोरांनीं तिला आपल्यांत सामील करून घेतलें.

चौकाच्या कडेला, जाळापासून थोडे दूर, दोन मुलगे उभे होते. तेही पाहत होते, हंसत होते, पण बोंब मारीत नव्हते व नारळासाठीं पुढें येत नव्हते. आम्हीं स्नेह्यांस विचारलें. “शेजारचे आहेत. त्यांच्या घरीं होळी करीत नाहींत,” ते म्हणाले. त्या घराच्या ओटीवर डॉक्टर आंबेडकरांची व बुद्धाची तसबीर आम्हीं सकाळींच पाहिली होती.

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, व ती आपल्यासारख्या घरांतूनच सांगितली गेली पाहिजे. ज्या निबंधग्रंथांनीं लांकडांच्या चोरीला परवानगी दिली, त्यांनींच होळीचा अग्नि कोठून आणावा हेंही सांगितलें आहे: चांडाळाच्या घरून अथवा बाळंतिणीच्या घरून, आणि तोही मुलांच्या हातून. दुसऱ्या दिवशीं चांडाळास स्पर्श करून मग स्नान करावें, म्हणजे व्याधि बाधत नाहींत, असेंही वचन आहे. कित्येक गांवीं महारवाड्यांतूनच विस्तव आणण्याची चाल होती. म्हणजे वर्षांतून एकदां त्या घरचा अग्नि आपणांस चालत होता, नव्हे, हवा होता. पाणी मात्र एक दिवसही चालत नव्हतें. अग्नीला विटाळ नाहीं हें खरें, पण ज्याच्या घरचा अग्नि घेतला तो माणूस पाणवठ्यापाशीं दूर उभाच राहिला. डॉक्टर आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें तें २० मार्च १९२७ रोजीं, ऐन शिमग्याच्या दिवसांत.

मनमाडाशीं याचा संबंध आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजीं जी. आय. पी. रेल्वेंतील अस्पृश्य कामगारांची परिषद येथेंच भरली व तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रु, असें त्यांनीं तेथें सांगितलें. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुभाव यांचा नकार, असा खुलासाही केला. त्या भाषणांतील एक तपशील आमच्या मनांत घर करून राहिला आहे. रुळांवर राबणाऱ्या गँगमनच्या जागेवर या लोकांचें आयुष्य जाई. स्थानकावरच्या पोर्टरची जागा त्यांस मिळत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचींही कामें करावीं लागत, आणि मास्तर स्पृश्य असल्यामुळें हा माणूस त्याच्या घरांत कसा चालावा? ज्या फलाटांवर एके काळीं ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे निरनिराळे पुकारे होत, त्या आगगाडीच्या राज्यांतली ही गोष्ट. आमच्या स्नेह्यांचे आजोबा त्या काळीं एका लहान स्थानकावर मास्तर होते. स्नेह्यांनीं तें आपण होऊन सांगितलें, व त्यापुढें कांहीं सांगितलें नाहीं.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर पुष्कळ घरांनीं जुने सण सोडले, त्यांत होळीही गेली. ज्या घरून विस्तव आणावा असें पोथी सांगते, त्या घरीं आतां होळी पेटत नाहीं. आम्हांस यांत तक्रारीला जागा दिसत नाहीं. ज्या सणांत आपलें घर केवळ विस्तवापुरतें आठवतें, तो सण कोणी सोडला तर नवल तें काय?

धुळवडीची सकाळ उजाडली तेव्हां राखेखालीं निखारे धगधगत होते. त्या निखाऱ्यांवर पाणी तापवून मुलांना न्हाऊं घालावें, म्हणजे उन्हाळा बाधत नाहीं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आळींत त्यासाठीं तांब्याचा एक मोठा हंडा ठेवलेला आहे व घरोघरचें थोडथोडें पाणी त्यांत पडतें. यंदा नळ बारा दिवसांत आला नव्हता. बायका कळशी घेऊन येत, हंड्यांत डोकावत, आणि अर्धी कळशी ओतून उरलेली परत नेत. हंडा निम्माही भरेना. आमच्या स्नेह्यांच्या आत्याबाई, वय वर्षें अठ्ठ्याऐंशी, कडेवर सहा महिन्यांचा पणतू घेऊन पाटावर बसल्या होत्या; त्याची ही पहिलीच होळी.

एवढ्यांत शेजारच्या घरांतली सून दोन्ही हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन बाहेर आली. त्यांच्याकडे गच्चीवर मोठी टाकी आहे. मागून काल रात्रींचे ते दोघे मुलगे आणखी एक कळशी दोघांत धरून आणीत होते, आणि हिंदकळून सांडलेल्या प्रत्येक थेंबाबद्दल एकमेकांना बोल लावीत होते. तिनें बादल्या हंड्यांत ओतल्या. “काकू, बाळासाठीं आहे, संकोच नको,” एवढेंच ती म्हणाली. आमच्या स्नेह्यांनीं आम्हांकडे पाहिलें नाहीं.

आत्याबाईंच्या सोंवळ्याच्या कथा त्या घरांत अजून सांगतात. एके काळीं म्हणे दुसऱ्याच्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर त्या पुन्हां न्हात. त्यांनीं पाणी तापेपर्यंत कांहीं बोलणें केलें नाहीं. वाफ दिसूं लागली तेव्हां पणतवाचें आंगडें काढलें, त्याला पायांवर आडवा घेतला, आणि त्या सुनेकडे वळून म्हणाल्या,

“तूंच घाल गं बाई धार. माझा हात कांपतो. आधीं पायांवर, मग डोक्यावर. आणि लवकर घाल, निवेल तें.”